चांदीचा कमंडलू : घडण, पारख आणि हिशेब



दत्तभक्तहो, यंदाच्या दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला, ४ डिसेंबर २०२५ रोजी आपल्या मंदिरात उत्सवमूर्तीपुढे हाताने घडवलेला चांदीचा नवा कमंडलू ठेवला जाणार आहे. गेले सहा महिने मंदिरात आलं की कोणी ना कोणी मला गाठतं. किती तोळ्यांचा? कोणाकडून केला? तयार मिळत होता तर एवढी घडणावळ कशाला दिली? आमच्या आईचे वाळे त्यात पडले ना? खजिनदार म्हणून या प्रश्नांची उत्तरं देणं माझं कामच आहे. आणि दान देणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरी चांदीची पूजेची भांडी आहेत, त्यांनाही यातून दोन गोष्टी समजतील, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. मी बी. कॉम. झालेला, बत्तीस वर्षं बँकेत कारकुनी केली, त्यातली शेवटची बरीच वर्षं सोनेतारणाच्या टेबलावर गेली. तेव्हा लेखात अध्यात्मापेक्षा आकडेमोड जास्त आली तर सांभाळून घ्यावे.

मुळात कमंडलूच का? आपल्या दत्तमूर्तीचे सहा हात पाहा. खालच्या दोन हातांत माळ आणि कमंडलू, मधल्या दोन हातांत डमरू आणि त्रिशूळ, वरच्या दोन हातांत शंख आणि चक्र. ब्रह्मा, महेश आणि विष्णू अशी ती जोडी. गाणगापूरच्या लीलांमध्ये हा कमंडलू किती वेळा येतो ते सप्ताहात बसणाऱ्यांना सांगायला नको. कुष्ठाने पीडलेला नरहरी गुरुवचनावर विश्वास ठेवून वाळक्या औदुंबराच्या लाकडाला पाणी घालत राहिला, लोक त्याला हसत राहिले, आणि शेवटी श्रीगुरूंनी कमंडलूतलं पाणी शिंपडताच त्या लाकडाला पालवी फुटली. ही कथा आपल्याकडे लहान मुलांनाही पाठ असते.

पण इथेच पहिली अडचण आली. समितीच्या बैठकीत आपल्यातलेच एक ज्येष्ठ वाचक उभे राहिले, म्हणाले, "संन्याशाला धातूचं पात्र वर्ज्य. मनुस्मृतीत यतीची पात्रं सांगितली आहेत ती भोपळ्याची, लाकडाची, मातीची आणि वेळूची. तुम्ही अवधूताच्या हातात चांदी देणार?" मुद्दा बरोबर आहे. संन्याशांचे कमंडलू भोपळ्याचे, नाहीतर दर्याई नारळाचे असतात, ते आपण पाहतोच. त्यावर दुसरी बाजू अशी मांडली गेली की उत्सवात आपण देवाला राजोपचार करतो, पालखी, छत्र, चवरी हे सगळं काही अवधूताने मागितलेलं नाही. शेवटी ठरलं ते असं : रोजच्या तीर्थाला तांब्याचंच पात्र राहील, चांदीचा कमंडलू फक्त उत्सवाच्या दिवसांत बाहेर येईल, आणि त्याचा घाट भोपळ्याच्या कमंडलूवरून घ्यायचा. हा मध्यममार्ग झाला. त्या ज्येष्ठांचं म्हणणं पुरतं खोडून निघालं असं मात्र मी म्हणणार नाही.

दुसरी अडचण जास्त व्यवहारी होती. काही वर्षांपूर्वी एका भक्ताने हौसेने बाहेरगावच्या एका दुकानातून चांदीचा तयार गडू घेऊन मंदिराला दिला होता. दिसायला झकास. तीन वर्षांत तो तळाशी पाझरू लागला. डाग द्यायला नेला तेव्हा कळलं, पत्रा जेमतेम पोस्टकार्डाएवढा जाड, आणि तळाच्या बैठकीत लाख भरलेली. म्हणजे पावतीवर जे वजन चांदीचं म्हणून लागलं होतं त्यात लाखेचंही वजन होतं. देणारा भक्त बिचारा हयात नाही, त्याच्या मुलांना आम्ही काही सांगितलं नाही. पण यापुढे मंदिरात चांदी आली की ती आधी तपासायची, असं तेव्हापासून ठरलं.

आता दानाचं. चैत्रापासून आपण चांदी गोळा केली. मोडीच्या वस्तू ६४० ग्रॅम आल्या : पैंजण, जोडवी, वाळे, करंडे, निरांजनं, एक अत्तरदाणी. आणि चांदीचे जुने रुपये आले ७१. या रुपयांविषयी थोडं सांगतो, कारण घरोघर देव्हाऱ्यात लक्ष्मीपूजनाचे म्हणून ते असतात आणि सगळेच शुद्ध चांदीचे आहेत असा सर्वांचा समज असतो.

इंग्रजी अमलातला रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. राणीछाप, एडवर्ड सातवा, जॉर्ज पाचवा, या सगळ्या रुपयांत बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे ९१.६६ टक्के. दुसरं महायुद्ध सुरू झालं, चांदीची टंचाई झाली, आणि १९४० पासून जॉर्ज सहावा याच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली. वजन तेच, छाप तसाच, चांदी फक्त ५० टक्के. १९४७ चा रुपया तर निकेलचा, त्यात चांदी औषधालाही नाही. स्वातंत्र्यानंतर १९६९ साली गांधी जन्मशताब्दीचं दहा रुपयांचं नाणं निघालं ते १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदीचं. १९७२ साली स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं निघालं त्यात ५० टक्के. म्हणून नाणं दान देताना किंवा विकताना आधी साल वाचा. आपल्याकडच्या ७१ पैकी ६२ रुपये जुने, पूर्ण चांदीचे निघाले, ९ युद्धाच्या काळातले.

आणखी एक. सगळी नाणी आंधळेपणाने मुशीत टाकू नयेत. १९३९ सालचा रुपया फार दुर्मिळ आहे, त्याची किंमत चांदीच्या कितीतरी पट येते, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही भरपूर. आमच्या ढिगात तो नव्हता. पण एका जाणत्या माणसाकडून प्रत्येक नाणं उलटसुलट पाहून घेतल्यावरच आम्ही पुढे गेलो.

एक आजी, वय नव्वदीच्या घरातलं, त्यांनी राणीछाप रुपया दिला आणि दुसऱ्या दिवशी नातवाला पाठवलं. लग्नात सासऱ्यांनी ओटीत घातलेला रुपया होता तो, रात्रभर झोप लागली नाही म्हणे. आम्ही तो परत दिला, वहीत लाल शाईने उलटी नोंद केली आणि त्यांची सही घेतली. समितीत एकाने "दान परत कसं देता?" म्हणून हरकत घेतली. माझं मत विचाराल तर, चांदी मुशीत पडेपर्यंत ती देणाऱ्याचीच. बँकेतसुद्धा पे-इन स्लिप शिक्का पडेपर्यंत परत मिळते. वर सांगितलेल्या ७१ मध्ये हा रुपया धरलेला नाही.

घरच्या घरी चांदी ओळखायची एक सोपी रीत सांगतो. सराफ कसोटीवर घासून तेजाब लावतात, ते आपल्याला जमणार नाही. पण हल्ली स्वयंपाकघरात ग्रॅमचा काटा असतो. वस्तूचं वजन करा, समजा निरांजन २१० ग्रॅम भरलं. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. निरांजन दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा आता जो आकडा दाखवील त्याने २१० ला भागा. शुद्ध चांदी पाण्याच्या साडेदहा पट जड असते, तेव्हा काटा २० च्या आसपास दाखवील. जर्मन सिल्व्हर असेल तर २४ दाखवील. जर्मन सिल्व्हर या नावात चांदी आहे, धातूत नाही. तो तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. आत लाख भरलेली वस्तू असेल तर आकडा आणखी वाढेल. या रीतीने ९२ टक्के की ८५ टक्के असा बारीक फरक कळत नाही, पण ढळढळीत खोटं मात्र लपत नाही. आमच्याकडे आलेल्या वस्तूंपैकी अशा चार जर्मन सिल्व्हरच्या निघाल्या, त्या देणाऱ्यांना निरोप पाठवून परत केल्या. वरच्या ६४० ग्रॅममध्ये त्या नाहीत.

मग सगळी चांदी गलाईला दिली. गलाई म्हणजे जुनी चांदी-सोनं गाळून शुद्ध करणं. हा धंदा आपल्या शेजारच्यांनीच भारतभर नेलेला आहे. सांगली जिल्ह्यातलं विटा, खानापूर, आटपाडी आणि त्याला लागून असलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या गावांमधली माणसं केरळपासून काश्मीरपर्यंत सराफ बाजारात गलाईची दुकानं चालवतात. दुष्काळी मुलूख, शेतीत भागेना, म्हणून बाहेर पडले आणि या कामात मातब्बर झाले. पूर्वी चांदीत शिसं घालून हाडांच्या राखेच्या वाटीत तापवत, शिसं इतर हीण ओढून घेऊन राखेत मुरत असे आणि चांदीचा गोळा वर उरत असे. आता बहुतेक ठिकाणी नायट्रिक ॲसिडने काम होतं.

हिशेब असा. ६२ रुपयांचे ७२३ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी ६६३. नऊ रुपयांचे १०५ ग्रॅम, त्यात ५२. मोडीचे ६४० ग्रॅम, नमुना तपासून सरासरी ७० टक्के धरली, म्हणजे ४४८. एकूण अपेक्षित ११६३ ग्रॅम, हातात आली ११५०. तेरा ग्रॅमची तूट, सव्वा टक्क्याच्याही आत, गलाईच्या कामात ती मान्य करावी लागते. आईचे वाळे त्यात पडले का, याचं उत्तर, होय, पडले. पण ते त्यातल्या कोणत्या भागात आहेत हे आता दत्तमहाराजच जाणोत.

घडवणारे कारागीर आपल्याच गावातले, मधल्या मारुतीजवळच्या एका बोळात बसतात. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. वय साठीच्या अलीकडे, घरात तिसरी पिढी याच कामात, आजोबा विजापूरकडून सोलापूरला आले. घरी कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, शेजारच्या विणकरांशी तेलुगू, म्हणजे पक्के सोलापूरकर. चांदीच्या भांड्यांसाठी नाशिकचं नाव, पैंजणांसाठी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीचं नाव, आणि आपल्या गावात चादरीपुढे दुसऱ्या कशाचं नाव निघत नाही. पण असे हात इथेही आहेत. आता फार थोडे राहिले एवढंच.

पहिल्याच भेटीत त्यांना विचारलं, शुद्ध चांदीचाच करा ना, देवाचं काम आहे. ते हसले. "साहेब, शुद्ध चांदी लोण्यासारखी हो. कमंडलू धरून उचलला की कडी वाकणार बघा. तांबं घालायलाच लागतंय." हजार भागांत ९२५ चांदी आणि ७५ तांबं, हे जगभर चालणारं प्रमाण आहे. देवाच्या भांड्यात तांबं मिसळलं म्हणून कोणी नाक मुरडू नये, ताकदीसाठी ते लागतंच.

आता घडण. मी दर शनिवारी जाऊन बसायचो, वजन घ्यायला म्हणून, पण खरं सांगायचं तर पाहायलाही. चांदी ९६२ अंशांना वितळते. मुशीत चांदी आणि तांबं टाकून वर सवागीची चिमूट टाकतात, म्हणजे मळ वर येतो आणि रस स्वच्छ होतो. तो रस साच्यात ओतून लगड करायची, लगड रुळांतून पुन्हापुन्हा काढून एक मिलिमीटर जाडीचा पत्रा करायचा, आणि त्यातून २८ सेंटीमीटर व्यासाची गोल चकती कातरायची. ही चकती २८ चीच का? कमंडलूचं पोट १४ सेंटीमीटर व्यासाचं ठरलं होतं. गोलाच्या पृष्ठभागाएवढं क्षेत्रफळ सपाट चकतीत हवं असेल तर चकतीचा व्यास गोलाच्या दुप्पट धरावा लागतो. शाळेतल्या सूत्राने मी पडताळून पाहिलं, तंतोतंत जुळलं. त्यांनी मात्र सूत्र वापरलं नाही, भोपळ्याच्या पोटावरून सुतळी फिरवली आणि काही न लिहिता कंपास मारला.

पूर्वीपासून आपल्याकडे तांबे-गडवे दोन वाट्या जोडून करायची रीत आहे, पोटावर मध्ये सांधा दिसतो तो त्यामुळे. यांनी पोट एकाच चकतीतून काढलं. आधी लाकडाच्या खोलगट ओंडक्यात ठोकून थाळीची वाटी करायची. मग ती जमिनीत रोवलेल्या लोखंडी खुंटावर उलटी चढवून बाहेरून गोल गोल ठोके देत वर उचलायची. ठोके खाऊन चांदी कडक होते, आणखी ठोकली तर तडकते. म्हणून दर फेरीनंतर ती तापवून मऊ करायची. तापवताना दुकानातला दिवा बंद. मी विचारलं का, तर म्हणाले उजेडात रंग फसवतो. अंधारात चांदी मंद लाल दिसली की ज्योत काढायची, जरा जास्त झालं की पत्रा कोसळलाच. मग पाण्यात, मग सौम्य तेजाबात, मग धुऊन परत खुंटावर. ही फेरी मी मोजली नाही, त्यांनीही मोजली नव्हती. वीसच्या पुढे नक्की गेली.

सर्वांत अवघड काम गळ्याचं. पोट फुगवताना धातू पसरतो, गळा आवळताना तोच धातू दाटीवाटीने एकमेकांत शिरायला हवा, आणि तो सुरकुत्या घालतो. सुरकुती एकावर एक दुमडली की तिथे चीर पडणार. ते प्रत्येक सुरकुती वेळीच ठोकून सपाट करायचे. या टप्प्याला चार दिवस गेले. त्या चार दिवसांत ते कोणाशी बोलत नव्हते, मीही आपला गप्प बसून यायचो.

तोटी, कडी आणि बैठक वेगळी करून झाळून जोडली. यातही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. झाळही चांदीचीच असते, पण तांबं-जस्त जास्त घालून ती लवकर वितळणारी केलेली. तीन सांधे असतील तर पहिल्याला सर्वांत उशिरा वितळणारी झाळ, मग त्याहून लवकर वितळणारी, असं उतरत जायचं. नाहीतर दुसरा सांधा जोडताना पहिला सुटतो. मग आत राळ भरून वरून बारीक ठशांनी खांद्यावर औदुंबराच्या पानांची एक ओळ काढली, राळ तापवून काढून टाकली. शेवटी मठारणी, म्हणजे गुळगुळीत तोंडाच्या हातोडीचे एकाला एक लागून सारखे ठोके. पुण्याच्या तांबटांचं मठारकाम ज्यांनी पाहिलं असेल त्यांना हे ठोके ओळखू येतील. दुरून ते दिसत नाहीत, कमंडलू निरांजनाजवळ धरला की उजेड त्यावर थरथरतो. नंतर रिठ्याचं पाणी आणि ओप देण्याचा दगड. रात्रभर पाणी भरून वर्तमानपत्रावर ठेवला, सकाळी कागद कोरडा.

सबंध काम सत्तावीस दिवसांचं. वजन : पोट ६४० ग्रॅम, गळ्याची कड ६०, तोटी ५५, कडी ११०, बैठक ७०, झाळ १५, एकूण ९५० ग्रॅम. पाणी मावतं सव्वा लिटरच्या वर. कुठेही लाख नाही, पोकळ भरणा नाही.

आता घडणावळ. त्यांनी ग्रॅमला ४० रुपये मागितले, म्हणजे ३८,००० रुपये. बैठकीत यावर बरंच झालं. तयार कमंडलू निम्म्या घडणावळीत मिळत होता, हे खरं. यंत्रावर चकती फिरवून साच्यावर दाबली की काही मिनिटांत पोट तयार होतं, पत्रा पातळ लागतो, म्हणून स्वस्त. मी साधा भागाकार मांडला. ३८,००० भागिले २७, दिवसाला १,४०० रुपये. त्यातून गॅस, कोळसा, तेजाब आणि हाताखालच्या पोऱ्याचा रोज गेला. चांगला गवंडी दिवसाला काय घेतो ते समितीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे पुढे कोणी बोललं नाही. वीस वर्षं ज्याच्यासमोर मी सोन्याची वजनं लिहीत आलो त्या चांदीसोन्याच्या व्यवहारात, माझ्या पाहण्यात, घासाघीस नेहमी मजुरीवरच होते. धातूचा भाव कोणी कमी करून मागत नाही. २०२५ सालात चांदीने किलोला लाखाचा आकडा ओलांडला आणि दिवाळीपर्यंत ती दीड लाखाच्याही पुढे गेली. गिऱ्हाइकाचा सगळा पैसा धातूतच जातो, मग कारागिराचे दहा रुपये त्याला डोळ्यांत खुपतात. या कारागिरांचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. वडिलांनीच पाठवला. त्याविषयी ते जास्त बोलले नाहीत.

चांदीच्या एवढ्या मोठ्या भांड्याला सांधाच नको, असं वाटणाऱ्यांसाठी एक माहिती. जयपूरच्या राजवाड्यात दोन प्रचंड चांदीच्या गंगाजळी आहेत. महाराजा सवाई माधोसिंह १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाला इंग्लंडला गेले, तेव्हा परदेशातलं पाणी प्यायचं नाही म्हणून त्यांतून गंगाजल घेऊन गेले. चांदीचे रुपये वितळवून त्या केल्या, प्रत्येकीचं वजन सुमारे ३४५ किलो, पाणी मावतं चार हजार लिटर, आणि झाळ कुठेही नाही. घडवणाऱ्यांची नावं गोविंदराम आणि माधव अशी नोंदलेली आहेत. कारागिरांची नावं टिकून राहिली हे विशेष, एरवी राजाचंच नाव उरतं. आपल्याकडे पंढरपूरच्या नरहरी सोनारांचं नाव राहिलं ते मात्र भक्तीमुळे, विठोबाच्या करगोट्याचं माप दोनदा चुकलं म्हणून.

शुद्धतेच्या दाखल्याविषयी. चांदीला हॉलमार्क २००५ पासून आहे, पण सोन्यासारखी सक्ती नाही, ऐच्छिक आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून भारतीय मानक ब्युरोने चांदीच्या वस्तूंनाही सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक द्यायला सुरुवात केली. तो मोबाइलवर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की वस्तू कोणती, शुद्धता किती, ते दिसतं. घरातल्या मुलांकडून ते ॲप घेऊन ठेवा. चांदीचं भांडं घेताना पावतीवर तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहून मागा : निव्वळ चांदीचं वजन, शुद्धतेचा आकडा, घडणावळ. "चांदीचा गडू, एक नग" अशी पावती घेऊन घरी येऊ नका. आपल्या कमंडलूवर ९२५ चा हॉलमार्क एका नोंदणीकृत सराफांमार्फत करून घेतला आहे. बैठकीच्या खाली वजन आणि शके एवढंच कोरलं. देणाऱ्यांची नावं कोरावीत अशी सूचना होती, पण ५८ घरांची नावं बसवायला जागा नव्हती, आणि दोघांचीच कोरली असती तर बाकीच्यांनी मला मंदिरात येऊ दिलं नसतं.

निगा कशी राखायची ते पुजारी आणि सेवेकरी मंडळींनी कृपा करून नीट वाचावे, घरच्या भांड्यांनाही हेच लागू. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. म्हणून रबर, लोकर आणि वर्तमानपत्रात ती गुंडाळू नये, स्वच्छ सुती कापडात ठेवावी. पंचामृतातलं दही तांब्याला लागून हिरवट होतं, चांदीला तसा त्रास देत नाही, म्हणून अभिषेकाला चांदी चांगली. तरी काम झालं की लगेच धुवावी, आंबट आणि खारट रात्रभर राहू देऊ नये. रांगोळीने घासू नका. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, दर वेळी थोडी चांदी खरवडून नेते, आणि औदुंबराची पानं दहा वर्षांत सपाट होतील. फार काळवंडली तर पातेल्यात ॲल्युमिनियमचा कागद अंथरावा, वर भांडं ठेवून उकळतं पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा घालावा. पाच मिनिटांत काळेपणा ॲल्युमिनियमकडे जातो, चांदी झिजत नाही. नक्षीच्या खाचांतला थोडा काळेपणा राहू द्यावा, त्यानेच पानं उठून दिसतात. एरवी रिठ्याचं पाणी पुरे.

राहिला शेवटचा हिशेब. ११५० ग्रॅम शुद्ध चांदीपैकी कमंडलूत गेली ८७९, घडणीत तूट १२, शिल्लक २५९ ग्रॅम. कानशीची भुकणी आणि कातरणीचे तुकडे कारागिरांनी स्वतः झाडून, गाळून परत दिले, ते या शिल्लकेत धरले आहेत. ही लगड मंदिराच्या बँक लॉकरमध्ये सीलबंद आहे, सीलवर तीन विश्वस्तांच्या सह्या आहेत. कमंडलूची आणि लगडीची नोंद विश्वस्त संस्थेच्या जंगम मालमत्तेच्या वहीत केली असून वार्षिक हिशेबासोबत ती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे जाईल. ज्यांना स्वतःच्या दानाची नोंद पाहायची असेल त्यांनी गुरुवारी आरतीनंतर कार्यालयात यावे, वही आणि काटा दोन्ही टेबलावर असतील. शिल्लक चांदीतून पादुकांच्या अभिषेकासाठी पळी आणि पंचपात्र करावे अशी सूचना आली आहे. त्याच कारागिरांना विचारलं, तर म्हणाले, "संक्रांतीनंतर या. गड्ड्याची गर्दी सरू द्या."